मशीन दोरा गोळा करतंय: दुरुस्तीच्या छोट्या धंद्याची वेबसाइट शोधात आणतानाच्या नोंदी

दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो. फोन, हिशेब आणि वेबसाइट माझ्याकडे. धंदा आम्हा दोघांचाच. साइट होऊन वर्ष उलटलं तरी तिच्यावरून एकही गिऱ्हाईक आलेलं नव्हतं, म्हणून बाहेर काम न देता स्वतःच हात घालायचं ठरवलं. यातलं आधी काहीही येत नव्हतं. चुका जशा झाल्या तशाच लिहिल्या आहेत, कारण मला शोधूनही नेमक्या त्याच कुठे वाचायला मिळाल्या नाहीत.

रकमा देत नाही. जाहिरातीवरच्या एका क्लिकचा भाव धंद्यागणिक, जागेगणिक आणि महिन्यागणिक बदलतो, त्यामुळे माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. माप म्हणून मी ‘एक दुरुस्ती’ धरली आहे, म्हणजे साध्या सर्व्हिसिंगच्या एका कामातून सुटे भाग वगळून आमच्या हातात उरतं ते. तुम्ही तुमचं माप धरा.

दिवस १

गूगलवर आमचंच नाव टाकलं, तर आम्ही कुठेच नाही. मग शोधाच्या चौकटीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून कोलन आणि पुढे आमचा पत्ता, असं लिहून पाहिलं. असं केलं की त्या साइटची गूगलच्या सूचीत असलेली पानं दिसतात. आमचं एकही पान नव्हतं. मी वर्षभर समजत होते की आपण फार खालच्या नंबरावर आहोत. आम्ही रांगेतच उभे नव्हतो.

सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन. फुकट आहे, पण साइट आपलीच आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद घालायची. मी होस्टच्या रकान्यात अख्खं डोमेन लिहिलं. आमच्या पॅनलमध्ये तिथे डोमेन आपोआप जोडलं जातं, त्यामुळे नाव दोनदा आलं आणि नोंद भलत्याच पत्त्यावर जाऊन बसली. त्या रकान्यात नुसतं ‘@’ हवं होतं. अर्धा दिवस गेला, आणि त्यातला निम्मा वेळ मी ‘डीएनएस बदलायला वेळ लागतो’ असं स्वतःला समजावत नुसती बसून होते.

दिवस २

कन्सोलमध्ये पानाचा पत्ता घालून तपासणी करता येते. उत्तर आलं: रोबोट्स फाइलने अडवलंय. ही फाइल म्हणजे सर्च इंजिनांच्या यंत्रांसाठी दारावर लावलेली पाटी. ही पद्धत १९९४ सालापासून चालत आली आहे. आमच्या पाटीवर दोनच ओळी होत्या आणि त्यांचा अर्थ ‘कुणीही आत येऊ नये’ असा होता. साइट बनवणाऱ्याने काम चालू असताना लावलेली पाटी काम संपल्यावर काढलीच नव्हती.

त्या ओळी काढल्या आणि दादाला सांगितलं, “झालं, आता दोन-चार दिवसांत दिसू.”

दिवस ५

दिसलो नाही. पुन्हा तपासणी केली, तर आता वेगळंच उत्तर: पानावर ‘नोइंडेक्स’ खूण आहे. आमची साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर आहे. त्याच्या वाचनाच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. तो टिक केलेला होता.

दारात अडवलेलं यंत्र आतली खूण वाचूच शकत नाही, म्हणून पहिल्या तपासणीत कन्सोलने फक्त दाराबद्दल सांगितलं. दार उघडल्यावर आतलं कुलूप दिसलं. मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा तपासलं असतं तर निदान दोन दिवस वाचले असते. एक अडथळा काढला की लगेच त्याच पानाची ‘थेट चाचणी’ पुन्हा करा. हे मी नंतर प्रत्येक गोष्टीला लावलं.

दिवस ६

साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, गूगलला दिला. वर्डप्रेस २०२० पासून तो स्वतःच बनवतं. त्यात एकसष्ट पत्ते निघाले, आणि आमची खरी पानं नऊ. बाकीची टॅगची आणि लेखकाच्या नावाची रिकामी पानं. टॅग पुसले, लेखकाचं पान बंद केलं. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्येही नोंदणी केली. तिथे सर्च कन्सोलवरून सगळं थेट उचलता येतं, पाच मिनिटांचं काम.

दिवस ८

नऊपैकी चार पानं सूचीत आली. पण फोन काही वाजेना. गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलंय की असल्या कामाचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. ते वाचून धीर सुटला आणि जाहिरात सुरू केली.

गूगल ॲड्सचं खातं उघडताना जे विचारलं त्याला ‘पुढे’ म्हणत गेले. या नोंदींमधली सगळ्यात महाग चूक हीच.

दिवस १०

सकाळी पाहिलं, तर काल दिवसाच्या बजेटच्या जवळजवळ दुप्पट खर्च. बँकेत फोन करायला निघाले होते. मग नियम वाचला: आपण देतो तो ‘सरासरी’ दिवसाचा आकडा असतो. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब मात्र त्या आकड्याच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. नियम लपवलेला नव्हता, मीच वाचला नव्हता. पण महिनाभराची गल्ल्यातली रक्कम मोजून ज्यांना दिवस काढायचे असतात, त्यांनी दिवसाचा आकडा ठरवताना दुपटीचा दिवसही झेपेल असाच ठरवावा.

दिवस १३

पाचच दिवस जाहिरात चालली आणि सहा दुरुस्त्यांइतके पैसे गेले. फोन आले दोन. एकाला नवीन मशीन विकत हवं होतं. दुसऱ्याने विचारलं, “वॉशिंग मशीनचं ड्रम बदलून देता का?”

त्या प्रश्नावर हसू आलं, आणि मग लक्षात आलं की तो माणूस आमच्या जाहिरातीवरूनच आलाय. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं हे ‘सर्च टर्म्स’च्या अहवालात दिसतं. (सगळं दिसत नाही. फार थोड्या लोकांनी टाइप केलेले शब्द २०२० पासून त्यात गाळले जातात.) आमच्या पैशांनी कुणीकुणी काय शोधलं ते असं:

वॉशिंग मशीन दुरुस्ती. मशीन ऑपरेटर नोकरी. शिवणकाम क्लास. शिलाई मशीनचं चित्र सोपं. नवीन मशीन कुठलं घ्यावं. एका जुन्या मॉडेलचं माहितीपुस्तक पीडीएफ.

मी कीवर्ड (ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) दिला होता ‘मशीन दुरुस्ती’, आणि जुळणी ठेवली होती ब्रॉड, कारण न सांगितल्यास तीच धरली जाते. ब्रॉड जुळणीत गूगल शब्दांवर न थांबता त्याला लागलेल्या अर्थावर जातं. तिच्याबरोबर भरपूर मोजून झालेली गिऱ्हाइकं असतील तर ती चालतही असेल. आमच्याकडे मोजलेलं गिऱ्हाईक एकही नव्हतं. रिकाम्या खात्यात ब्रॉड जुळणी म्हणजे दुकानाची किल्ली रस्त्यावरच्या पहिल्या माणसाला देणं.

आणखी तीन टिका मी न वाचता ठेवल्या होत्या. एक, डिस्प्ले नेटवर्क: शोधणाऱ्यांच्या बरोबरीने कुठल्यातरी खेळाच्या ॲपमध्येही आमची पट्टी झळकत होती. दोन, सर्च पार्टनर, म्हणजे गूगलच्या शोधाशी जोडलेल्या इतर साइट. तीन, ठिकाणाची सेटिंग: त्या भागात असलेले ‘किंवा त्या भागात रस दाखवणारे’ लोक. मशीन डोक्यावर घेऊन येणाऱ्या माणसाचा रस नको, त्याचं इथे असणं हवं. तिन्ही बदलल्या. जाहिरात बंद ठेवली.

दिवस १४

नकारी कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांची, यादी केली: वॉशिंग, नोकरी, क्लास, चित्र, पीडीएफ. इथेही दोनदा ठेच लागली. एक म्हणजे नकारी शब्दाला गूगल त्याची भावंडं जोडत नाही. ‘क्लास’ टाकला म्हणून ‘क्लासेस’ अडत नाही. शिवाय आपले लोक निम्म्या वेळा मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि तेही प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने. सगळी रूपं हाताने घालावी लागली. दुसरी ठेच: मी ‘नवीन’ हा शब्द सरसकट नकारी टाकला. त्याने ‘नवीन सुई बसत नाही’ हेही अडलं असतं, आणि असं म्हणणारं माणूस तर आमचं पक्कं गिऱ्हाईक. ‘नवीन’ काढून त्याजागी ‘नवीन मशीन’ अख्खा वाक्प्रयोग म्हणून घातला.

दिवस १७

आजचा दिवस खरा कामाचा, आणि त्यात संगणक नाहीच.

दादाकडे दुरुस्तीची वही आहे. मशीन घेताना तो तारीख, मॉडेल आणि तक्रार लिहितो. तक्रार तो स्वतःच्या भाषेत लिहीत नाही, समोरचा बोलला तशी उतरवतो. का, असं विचारलं तर म्हणाला, “घेऊन जाताना त्यांना तेच वाचून दाखवतो ना. ‘शटल टायमिंग’ म्हटलं तर त्यांना वाटतं मी भलतंच काही केलं आणि पैसे लावले.”

मी वह्या घेऊन बसले. मागच्या दोनशे बारा नोंदी कागदावर खुणा करत तक्रारीनुसार गटांत वाटल्या. सगळ्यात जास्त: ‘खाली दोरा गोळा होतो’. मग ‘टाका सुटतो’, ‘दोरा सारखा तुटतो’, ‘मशीन जड चालतं’, ‘सुई मोडते’. एकाने म्हटलं होतं ‘मशीन दोरा खातं’, आणखी तिघांनीही तेच. एका आजींनी म्हटलेलं दादाने अवतरणात लिहून ठेवलं होतं: ‘पाय मारला की आधी विचार करतं, मग चालतं’.

आणि आमच्या मुख्य पानावर मी काय लिहिलं होतं? ‘सर्वसमावेशक शिलाई यंत्र देखभाल व तांत्रिक सेवा’. दोनशे बारांपैकी एकाच्याही तोंडी ‘यंत्र’ नव्हतं. ‘देखभाल’ नव्हती. ‘सर्वसमावेशक’ तर मीही आयुष्यात कधी बोललेली नाही, ते फक्त लिहिलंय. जाहिरातीचे पैसे घालून मी माझेच शब्द विकत घेत होते.

दिवस १९ ते २४

पाच तक्रारींची पाच पानं लिहायला घेतली. ‘खाली दोरा गोळा होतो’ पहिलं. मी सुरुवात केली ‘शिलाई मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे असतात’ अशी. दादाने फोनवर वाचलं आणि म्हणाला, “हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडे मशीन असेल का गं?” परिच्छेद गेला.

मग तो सांगत गेला आणि मी टाइप करत गेले. गोळा खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) काढून बसतात, आणि चूक बहुतेक वेळा वर असते. दोरा ओवताना प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे न जाता वरच राहतो. ताणच नाही, म्हणून वरचा दोरा सैल होऊन खाली जाळं करतो. उपाय: फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. तरीही झालं तर सुई बदला. तरीही झालं तर आमच्याकडे आणा. मी त्याचे चार फोटो काढले, फक्त हात आणि मशीन दिसेल असे. पहिल्या फोटोत कापडाखालचं ते दोऱ्याचं घरटं. हाच फोटो सगळ्यात कामाचा ठरला, कारण माणसाला लगेच कळतं की हे आपल्याच दुखण्याबद्दल आहे.

यावरून आमचं भांडणही झालं. दादाचं म्हणणं, “सगळं सांगितलंस तर घरीच करतील. इथे कशाला येतील?” माझं म्हणणं, असल्या कामाला तू तसाही पैसे घेत नाहीस, दोरा ओवून परत पाठवतोस आणि तुझा अर्धा तास जातो. दोन दिवस विषय तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तीन माणसं नुसता दोरा ओवून घ्यायला आली. दुपारी म्हणाला, “टाक ते पान.”

शीर्षकात तक्रार जशीच्या तशी लिहिली. खालचं वर्णन, म्हणजे शोधात शीर्षकाखाली येतात त्या दोन ओळी, नंबर वाढवत नाही, पण क्लिक करायचं की नाही हे माणूस त्यावरूनच ठरवतो, म्हणून तिथे वेळ घालवला. कीवर्डचा वेगळा रकाना देणारं एक प्लगइन होतं, ते काढलं. गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय की तो रकाना क्रमवारीसाठी वापरत नाही. त्यात तासन्‌तास शब्द भरणारे लोक अजून आहेत. मीही होते.

दिवस २६

पानांवर माणसं येऊ लागली, फोन मात्र नाही. दादाचा फोन घेतला, त्यावर साइट उघडली आणि गिऱ्हाईक असल्यासारखी वागले. नंबर दिसला, दाबला, काहीच झालं नाही. नंबर होता फोटोत लिहिलेला. ज्याला फोन करायचाय त्याने तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि मग लावायचा! वर्षभर साइट तशीच होती. नंबर मजकुरात आणला, दाबला की फोन लागेल असा दुवा दिला. काम दहा मिनिटांचं.

पान उघडायलाही वेळ लागत होता. पेजस्पीड इनसाइट्सवर तपासलं: पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला सात सेकंदांच्या वर. चांगलं म्हणवून घ्यायला तो आकडा २.५ सेकंदांच्या आत हवा. कारण शोधायची गरज नव्हती: दुकानाचा फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच, अख्ख्या आकारात टाकलेला. लहान केला. आणि मग हुशारी म्हणून सगळ्या फोटोंना ‘लेझी लोडिंग’ लावलं, म्हणजे खाली सरकल्यावर फोटो उतरतो. आकडा परत वाढला. सगळ्यात वरच्या फोटोला ते लावायचं नसतं. पान उघडताच दिसायला हवा तोच फोटो मी मुद्दाम उशिरा मागवत होते. तेवढ्या एकावरून काढल्यावर तीन सेकंदांच्या जरा खाली आलं. तिथेच थांबले, कारण पुढचा अर्धा सेकंद मिळवायला होस्टिंग बदलावं लागलं असतं.

दिवस ३१

नंबर दाबला की मोजलं जावं अशी व्यवस्था केली. पहिल्या दोन दिवसांत तेवीस दाबण्या! दादाला अभिमानाने दाखवलं. तो म्हणाला, “फोन तर पाचच आले.” तपासलं, तर एकच माणूस तीनदा दाबतो तेव्हा तीन मोजले जात होते (‘प्रत्येक’च्या ऐवजी ‘एक’ निवडायचं असतं), आणि उरलेल्यात निम्म्या माझ्याच चाचण्या. तेव्हापासून खरी मोजणी वहीत. दादाने तक्रारीच्या शेजारी एक रकाना आखला: ‘कसं कळलं?’ विचारायला पाच सेकंद लागतात, आणि त्या रकान्याइतकं खरं मला कुठल्याच आलेखात दिसलेलं नाही.

दिवस ३६ ते ४७

बिझनेस प्रोफाइल. नकाशावर दिसतं ते. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ मध्ये नाव बदललं. व्हिडिओ काढून पडताळणी झाली: बाहेरची पाटी, आतली अवजारं, कुलूप उघडताना हात.

आणि मग मी नावात शब्द कोंबले. पाटीवर आहे त्या नावापुढे ‘शिलाई मशीन दुरुस्ती सर्व्हिसिंग सुटे भाग’. नियम स्पष्ट आहे की जगात जे नाव आहे तेच लिहायचं. चार दिवसांनी प्रोफाइल निलंबित. नाव पूर्ववत केलं, पाटीचा फोटो आणि नोंदणीचा कागद जोडून अपील केलं, आणि वाट पाहिली. यात एकूण अकरा दिवस गेले. चूक शंभर टक्के माझी, आणि नियम वाचायला फार तर पंधरा मिनिटं लागली असती.

अभिप्रायांबद्दल दादाची कल्पना होती की पाच तारे देणाऱ्याला बॉबिन फुकट द्यावी. तसं चालत नाही. अभिप्रायाच्या बदल्यात काहीही देऊ नये, आणि खूश गिऱ्हाइकांनाच निवडून विचारू नये, असा नियम आहे. आता मशीनबरोबर जाणाऱ्या पावतीवर सगळ्यांसाठी एकच क्यूआर कोड छापतो. पहिला वाईट अभिप्राय आला: ‘आठवडा म्हणाले, सोळा दिवस लावले.’ खरं होतं. मी लांबलचक खुलासा लिहिला, दादाने तो पुसून लिहिलं: ‘भाग यायला उशीर झाला, मी फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं.’ पुढच्या आठवड्यात दोन जणांनी सांगितलं की दादाचं ते उत्तर वाचून आलो.

दिवस ४९

एकाचा फोन आला: पहिल्या नंबराची हमी, तीनशे लिंक (दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणारे दुवे). पहिल्या नंबराची हमी कुणीही देऊ शकत नाही हे गूगलनेच लिहून ठेवलंय. विकतच्या लिंकांवर गूगलच्या २०१२ च्या ‘पेंग्विन’ या क्रमवारीतल्या बदलापासून कात्री चालते हेही तोवर वाचून झालं होतं. फोन ठेवला. मोह अजिबात झाला नाही असं मात्र नाही, तो महिना मंदा होता.

दिवस ५३ ते ५६

पानांचे पत्ते मी देवनागरीत ठेवले होते. पत्त्याच्या पट्टीत छान दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवले की त्याचं टक्क्यांची चिन्हं, अक्षरं आणि आकडे यांचं दोन ओळींचं भेंडोळं होतं, आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते. एका गिऱ्हाईकाने तसं विचारलंही. गूगलला देवनागरी पत्त्यांचं वावडं नाही, पण लिंक पुढे पाठवणारी तर माणसंच. म्हणून शुक्रवारी रात्री पाचही पत्ते छोट्या रोमन अक्षरांत केले.

जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे ३०१ वळण (जुना पत्ता उघडला की आपोआप नवा उघडेल अशी कायमची सोय) द्यायला विसरले. शनिवार-रविवार शोधातून येणारा प्रत्येक जण ‘पान सापडलं नाही’वर आदळला. सोमवारी सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तेव्हा कळलं. जाहिरात त्या वेळी बंद होती म्हणून निदान पैसे वाचले. वळणं लावली, पानांमधले आपापसातले दुवेही बदलले. बदल शुक्रवारी रात्री करू नये हे मशीनच्या बाबतीत दादा मला कायम सांगतो.

दिवस ६१

जाहिरात पुन्हा, या वेळी पहिल्या खेपेच्या एक तृतीयांश बजेटमध्ये. ब्रॉड नाही, फ्रेज आणि एक्झॅक्ट या जास्त नेमक्या जुळण्या. प्रत्येक तक्रारीचा वेगळा गट, आणि त्या गटाची जाहिरात थेट त्याच तक्रारीच्या पानावर. वेळ फक्त दादा फोन उचलू शकतो तेवढीच. गूगलच्या ‘शिफारशी आपोआप लागू करा’ या सगळ्या टिका काढल्या.

मथळ्याला ३० अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत हे त्रासाचं: मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘दुरुस्ती’ डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीत आठ. ‘खाली दोरा गोळा होतोय?’ बसलं. ‘सर्वसमावेशक’वाली ओळ तर अख्खी बसलीच नसती, हा एक फायदाच.

दहा दिवसांत दोन दुरुस्त्यांइतका खर्च. वहीच्या रकान्यात ‘जाहिरात’ असं सात वेळा.

दिवस ७२

सर्च कन्सोलमध्ये सरासरी क्रमांक अकरावरून एकोणीसवर घसरलेला. मी घाबरून त्याच संध्याकाळी पाचही शीर्षकं बदलली. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहिलं: क्लिक वाढलेले, दिसण्याची संख्या कितीतरी वाढलेली. पूर्वी आम्ही मोजक्याच शोधांना दिसायचो, आता पुष्कळ नव्या शोधांना खालच्या नंबरावर दिसू लागलो, म्हणून सरासरी उतरली. जुने शोध जागच्या जागी होते. शीर्षकं परत पूर्वीसारखी केली, पण मधल्या दिवसांमुळे आता आधी-नंतरची तुलना बिघडली. आता सरासरीकडे बघायचंच नाही, एकेक शोध उघडून बघायचा.

दिवस ८८

वही: या महिन्यात साइटवरून आलेली कामं एकोणीस. त्यांतली सात जाहिरातीची, आठ पानं वाचून आलेली, चार नकाशावरून. यांतल्या दोघांनी दोरा ओवून, सुई बदलून पाहिली होती, म्हणजे दादाला सरळ शटल उघडता आलं.

‘मशीन जड चालतं’चं पान सगळ्यात मागे आहे, त्याला महिन्यात नऊ क्लिक. आज एक बाई जुनं काळं पायमशीन घेऊन आल्या. दादाने विचारलं, काय होतंय? म्हणाल्या, “रुसलंय.” त्याने तसंच लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. अजून दोघांनी तसं म्हटलं की पान लिहीन.